वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरच्या माणसांच्या जीवनकथा नोंदवताना

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या बेटांवर आणि खाड्यांच्या काठी राहणाऱ्या गल्ला-गीची समाजाविषयी या सदरातून मागे लिहिले होते. भात, नीळ आणि कापूस यांच्या मळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचे हे वंशज असून, उत्तर कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या त्यांच्या प्रदेशाला अमेरिकी काँग्रेसने २००६ साली राष्ट्रीय वारसा-क्षेत्राचा दर्जा दिला. त्या लेखावर आलेल्या पत्रांतील बरेच प्रश्न एकाच कामाविषयी आहेत. तेथील, तसेच मेक्सिकोच्या आखाताच्या काठावरील ज्येष्ठ रहिवाशांच्या जीवनकथा त्यांच्याच तोंडून कशा नोंदवाव्यात, असे वाचकांनी विचारले आहे. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी जॉर्जियातील एका विद्यापीठात शिकते. किनाऱ्यावरच्या एका गावातील ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणाऱ्या गटात तिने नाव दिले आहे. गटातील बहुतेक मुले बाहेरची आहेत. तेथील वृद्ध माणसे परक्या मुलांपुढे मोकळेपणाने बोलतील, की पाहुण्यांना बरे वाटेल तेवढेच सांगतील?

उत्तर : ती मोकळेपणाने बोलतील की नाही, हे त्यांच्या स्वभावापेक्षा विचारणारा कोण आहे आणि तो कशासाठी आला आहे असे त्यांना वाटते, यावर अधिक अवलंबून असते. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा त्याच किनाऱ्यावरील चार्ल्स्टन शहरातला आहे. महामंदीच्या काळात बेकार लेखकांना काम मिळावे म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारने ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ सुरू केला होता आणि त्याच्या वतीने १९३६ ते १९३८ या काळात सतरा राज्यांत, पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक आठवणी लिहून घेण्यात आल्या. चार्ल्स्टनमध्ये राहणाऱ्या, शंभरी ओलांडलेल्या सुसान हॅमलिन यांच्याकडे १९३७ साली या प्रकल्पाचे दोन जण वेगवेगळ्या वेळी गेले. जेसी बटलर या गोऱ्या बाईंनी लिहून घेतलेल्या आठवणींत मालक भला माणूस आहे, त्याच्या बायकोच्या माहेरची माणसेही चांगली आहेत आणि गुलामगिरीविषयी फारशी तक्रार नाही. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकाराने लिहून घेतलेल्या आठवणींत त्याच बाई चाबकाचे मार सांगतात, आईबापांपासून आणि भावंडांपासून तोडून विकल्या गेलेल्या माणसांचा रात्रंदिवस ऐकू येणारा आक्रोश सांगतात. दोन कागदांवर बाईंचे आडनावदेखील एक नाही. एकावर हॅमलिन आहे आणि दुसऱ्यावर हॅमिल्टन.

बटलर यांनी आपल्या टिपणाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. ज्या मदत-कार्यालयाकडून पूर्वी साहाय्य मिळत असे, त्याच कार्यालयातून ही बाई आली असावी, असा सुसान यांचा समज झाला आणि बटलर यांनी तो दूर केला नाही. जिच्या शिफारशीवर आपली मदत अवलंबून आहे असे वाटते, त्या गोऱ्या बाईपुढे जुन्या गोऱ्या मालकाची निंदा कोण करील? सुसान यांना खोटे ठरवण्याचा येथे प्रश्नच येत नाही. त्यांनी समोरचे माणूस ओळखून उत्तरे दिली आणि असा विवेक बाळगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

तेव्हा आपल्या मुलीने पहिल्या भेटीत यंत्र बाहेर काढू नये. आपण कोण, कोठल्या, हे काम कोणाच्या पैशाने चालते आणि ध्वनिमुद्रण पुढे कोठे जाणार, हे तिने आधी सांगावे आणि समोरच्या माणसाला तिची उलटतपासणी करू द्यावी. गावातील चर्चमधले किंवा नात्यातले कोणी प्रश्न विचारायला तयार असेल, तर तिने बाजूला बसून यंत्र सांभाळणे अधिक बरे; विद्यार्थ्यांना हे कमीपणाचे वाटते, पण तसे ते नाही. मुलाखत कोणी घेतली, खोलीत आणखी कोण होते आणि त्यांचे सांगणाऱ्याशी नाते काय, हे प्रत्येक नोंदीच्या वर लिहिलेच पाहिजे. चार्ल्स्टनच्या त्या दोन कागदांचा अर्थ आज लावता येतो, तो ही माहिती शिल्लक राहिली म्हणून. आणि पहिलाच प्रश्न गुलामगिरीचा नसावा. या किनाऱ्यावरची माणसे त्याच एका विषयासाठी येणाऱ्यांना कंटाळली असतील तर नवल नाही. त्यांना शाळा, बोटी, लग्ने, नोकऱ्या आणि भांडणे यांचेही आयुष्य होते आणि आहे.

प्रश्न : आम्ही घेतलेल्या मुलाखतींत एकच घटना तीन जण तीन वेगवेगळ्या साली घडल्याचे सांगतात. बोलता बोलता त्यांना दुरुस्त करावे का? अशा आठवणींवर इतिहास म्हणून किती भिस्त ठेवावी?

उत्तर : बोलताना दुरुस्त करू नये, एकदा दुरुस्त केलेला माणूस पुढे प्रत्येक वाक्य तुमच्या तोंडाकडे पाहून बोलतो. साल नक्की करायचे असेल तर साल विचारू नका, वादळ विचारा. या किनाऱ्यावर काळ मोजण्याची ती सर्वांत भरवशाची खूण आहे. दक्षिण कॅरोलिनात ‘ह्यूगोच्या आधी की नंतर’ असे विचारले की सप्टेंबर १९८९ ची रेघ मिळते. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कमील म्हणजे ऑगस्ट १९६९ आणि कट्रिना म्हणजे ऑगस्ट २००५. फार जुन्या घराण्यांत ऑगस्ट १८९३ च्या, सी आयलंड्स ही किनाऱ्यालगतची बेटे उद्ध्वस्त करणाऱ्या वादळाचा उल्लेख आजी-पणजीकडून आलेला असतो. तो साक्षीदाराचा पुरावा नसून ऐकीव आहे, एवढी नोंद मात्र वेगळी करावी.

विश्वासार्हतेविषयी म्हणाल तर अलाबामातील मोबाईल शहराजवळच्या आफ्रिकाटाउन या वस्तीचे उदाहरण पाहावे. अमेरिकेत गुलाम आयात करण्यावर १८०८ पासून बंदी असताना १८६० साली ‘क्लोटिल्डा’ या जहाजातून सुमारे ११० माणसे चोरून आणली गेली आणि पुरावा राहू नये म्हणून जहाज जाळून बुडवले गेले. मुक्ततेनंतर त्यांतील काही जणांनी ही वस्ती उभारली आणि त्यांचे वंशज ही हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले. नदीच्या गाळात सापडलेले अवशेष क्लोटिल्डाचेच असल्याचे राज्याच्या इतिहास आयोगाने जाहीर केले, तेव्हा २०१९ साल उजाडले होते. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना हे प्रकरण लपवण्याचे सबळ कारण होते आणि ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांनी ते जपले. याचा अर्थ प्रत्येक आठवण अक्षरशः खरी मानावी असा होत नाही. नावे, अंतरे, आकडे आणि सनावळी यांत स्मृती वारंवार घसरते. पण कोणावर काय गुदरले, कोणाची जमीन कोठपर्यंत होती आणि कोणत्या घराशी बोलणे बंद होते, यांत ती सहसा घट्ट असते. शब्दांकनात माणसाने सांगितलेले तसेच ठेवावे आणि तपासून सापडलेली तारीख तळटीपेत द्यावी.

प्रश्न : तेथील जुन्या माणसांची बोली इंग्रजीपेक्षा बरीच निराळी आहे. शब्दांकन करताना ती शुद्ध करावी, की जशी ऐकू येते तशी लिहावी?

उत्तर : हा वाद जुना आहे आणि त्याची दोन्ही टोके वाईट आहेत. १९३० च्या दशकातील त्या सरकारी नोंदींत अनेकांनी वृद्धांची बोली इतकी वेडीवाकडी अक्षरे वापरून लिहिली की, बोलणारा अडाणी वाटावा. जे उच्चार गोरे शेजारीही तसेच करत, त्यांचे स्पेलिंग मात्र फक्त काळ्या माणसाच्या तोंडी मोडलेले दिसते. या प्रकल्पात कृष्णवर्णीयांविषयीच्या लेखनाचे संपादक असलेले कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी तेव्हाच सूचना दिली होती की, बोलण्याची ढब आणि वाक्प्रचार यांच्याशी इमान राखणे प्रथम, उच्चारांची हुबेहूब नक्कल दुय्यम. मला आजही यापेक्षा चांगला नियम माहीत नाही. शब्द, त्यांचा क्रम, क्रियापदांची रूपे आणि म्हणी यांना हात लावू नये; स्पेलिंग मात्र साधे ठेवावे, कारण उच्चार ऐकायला ध्वनिमुद्रण आहेच.

शुद्ध करण्याचा मार्ग सोपा दिसतो आणि प्रकाशकांना तो आवडतोही. लेखिका आणि मानववंशशास्त्रज्ञ झोरा नील हर्स्टन यांनी १९२७-२८ मध्ये आफ्रिकाटाउनला जाऊन क्लोटिल्डावरून आलेल्या कोसोला, म्हणजेच कजो लुईस, यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचे निवेदन त्यांच्याच बोलीत लिहिले. प्रकाशकाला ते प्रमाण भाषेत हवे होते. हर्स्टन यांनी नकार दिला. कोसोला १९३५ साली आणि हर्स्टन १९६० साली वारल्या, पुस्तक मात्र २०१८ साली बाहेर आले. त्यामुळे कोसोला यांचे बोलणे आज वाचकाला संपादकाच्या हातातून गाळून घ्यावे लागत नाही. एक गोष्ट आणखी करावी. शब्दांकनाचा पहिला खर्डा सांगणाऱ्याला वाचून दाखवावा. कित्येकांना आपले बोलणे कागदावर पाहून संकोच वाटतो आणि ते काही ठिकाणी बदल सुचवतात. ते बदल करावेत आणि मूळ ध्वनिमुद्रण तसेच ठेवावे.

प्रश्न : आमच्या गटप्रमुखांच्या मते मुलाखतीत कोणी गाऊ लागले किंवा प्रार्थना म्हणू लागले की यंत्र थांबवावे, कारण त्याचा जीवनकथेशी संबंध नसतो. हे योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. लोरेन्झो डाउ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ १९३० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन या बेटांवर फिरले. गल्ला ही तेथील बोली म्हणजे नुसती बिघडलेली इंग्रजी आहे, असे तोवर विद्वान समजत असत. टर्नर यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात तिच्यातील आफ्रिकी नावे, शब्द आणि व्याकरण पुराव्यांसह मांडले. जॉर्जियातील हॅरिस नेक या गावी अमेलिया डॉली यांनी त्यांना एक गाणे म्हणून दाखवले. घराण्यात चालत आलेल्या त्या गाण्याचा अर्थ बाईंना ठाऊक नव्हता. गाणे सिएरा लिओनमधील मेंडे भाषेत होते. सुमारे सहा दशकांनी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ओपाला, संगीत-अभ्यासक सिंथिया श्मिट आणि मेंडे भाषेचे जाणकार ताझिएफ कोरोमा यांनी त्याचा माग काढला. बोलीच्या खुणांवरून शोधक्षेत्र आवळत गेले आणि सेनेहुन न्गोला या खेड्यातील एका स्त्रीला तेच गाणे तिच्या आजीकडून मिळालेले निघाले. ते अंत्यविधीचे गाणे होते. अमेलिया यांच्या कन्या मेरी मोरान यांनाही ते आईकडून येत होते. १९९७ साली त्या कुटुंबासह त्या खेड्यात जाऊन आल्या. टर्नर यांनी गाणे विषयाबाहेरचे म्हणून यंत्र थांबवले असते, तर यांतले काहीही घडले नसते. यंत्र थांबवावे ते सांगणाऱ्याने सांगितले तरच.

प्रश्न : मुलाखतीसाठी मोबाईल फोन पुरेसा आहे का?

उत्तर : काहीच नसण्यापेक्षा फोन बरा, पण कपड्याला लावायचा वेगळा मायक्रोफोन जरूर घ्यावा. ध्वनिमुद्रण दाबलेल्या एमपी-थ्रीऐवजी ‘वेव्ह’ स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर ठेवावे. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते, जी आज अडचणीची नाही. त्याच संध्याकाळी तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी, कारण वादळाच्या प्रदेशात एकाच घरात ठेवलेल्या तीन प्रतींचा उपयोग नाही. किनाऱ्यावरच्या घरांत खिडकीचा वातानुकूलक आणि शीतकपाट हे आवाजाचे सर्वांत मोठे शत्रू. पण ऐंशी वर्षांच्या माणसाला ऑगस्टमध्ये वातानुकूलक बंद करायला सांगू नये, खोली बदलावी.

प्रश्न : मी आखाताच्या काठावर राहतो. येथील कोळंबी आणि कालवे धरणाऱ्या वृद्धांना मुलाखतीविषयी विचारले की, ‘आमच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही’ असे म्हणतात. त्यांना बोलते कसे करावे?

उत्तर : त्यांना आयुष्य विचारू नका, काम विचारा आणि शक्य असेल तर कामाच्या जागी विचारा. फ्लोरिडातील ॲपलाचिकोला उपसागरात पिढ्यान्‌पिढ्या लहान होडीत उभे राहून, लांब दांड्यांच्या दाताळ्यांच्या जोडीने तळाची कालवे ओढून काढत. तळ दिसत नसताना खडक, चिखल आणि जिवंत कालव यांतला फरक दांड्यातून हाताला कसा कळतो, असे विचारलेत तर ज्याला ‘सांगण्यासारखे काही नाही’ तो माणूस तासभर बोलेल, आणि त्या तासात बाप, पहिली होडी, उधारी, व्यापाऱ्याचा भाव आणि मुलाने हा धंदा का सोडला हे सारे न विचारता येईल. वरच्या नद्यांतून येणारे गोडे पाणी दुष्काळात घटले, खारेपणा वाढला आणि २०१२ च्या सुमारास तेथील कालवांचे उत्पादन कोसळले. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने तेथे नैसर्गिक कालवे काढण्यावर काही वर्षांची बंदी घातली. म्हणजे हे काम हातात असलेली माणसे आता थोडी आहेत आणि त्यांचे कौशल्य लिहून ठेवलेले फारसे कोठे नाही. कोळंबीच्या ट्रॉलरवाल्यांना आयात कोळंबीने पाडलेला भाव आणि जाळ्यात कासवांसाठी बसवावी लागणारी सुटकेची जाळी हे दोन विषय काढावेत. दोन्हींवर ते तावातावाने बोलतात; तो ताव तसाच राहू द्यावा, सरकारची बाजू मांडण्याचे काम आपले नाही.

बिलॉक्सीसारख्या बंदरांत १९७५ नंतर आलेली व्हिएतनामी कुटुंबेही याच धंद्यात आहेत. त्यांच्या ज्येष्ठांची मुलाखत व्हिएतनामी भाषेतच घ्यावी. नातवाला दुभाषी म्हणून बसवणे सोयीचे असते, पण बोटीतून निसटतानाचे प्रसंग आजोबा नातवाच्या तोंडून वदवून घेणार नाहीत आणि नातूही सर्व काही भाषांतरित करणार नाही. आपत्तीनंतर लगेच मुलाखती घ्याव्यात की थांबावे, असेही आपण विचारले आहे. सदर्न मिसिसिपी विद्यापीठाच्या मौखिक इतिहास केंद्राने कट्रिनानंतर किनाऱ्यावरच्या रहिवाशांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह केला आहे. माझे मत असे की, छप्पर डोक्यावर येईपर्यंत थांबावे आणि मग त्याच माणसाकडे काही वर्षांनी पुन्हा जावे. विम्याचे, कर्जाचे आणि गाव सोडून गेलेल्यांचे दुःख पहिल्या मुलाखतीच्या वेळी अजून यायचे असते. ते दुसऱ्या भेटीत येते.

प्रश्न : संमतिपत्रावर सही घेतली की आम्ही मोकळे, असे समजावे का? एका आजोबांनी जमिनीच्या भाऊबंदकीविषयी बरेच सांगितले आहे आणि आता त्यांना भीती वाटते.

उत्तर : सही म्हणजे कामाचा आरंभ. अमेरिकी कायद्यात बोलणाऱ्याचा आपल्या शब्दांवरील स्वामित्वहक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून तो संग्रहाला द्यायचा की स्वतःकडे ठेवून केवळ वापराची परवानगी द्यायची, हे दोन्ही पर्याय त्यांच्यापुढे ठेवावेत. अनेक गट छापील नमुन्यात पहिलाच पर्याय ठेवतात, हे मला योग्य वाटत नाही. माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या नीतिसमितीचे म्हणाल तर सुधारित केंद्रीय नियमांनी, जे जानेवारी २०१९ पासून लागू झाले, मौखिक इतिहास त्या नियमांतील ‘संशोधना’च्या व्याख्येतून वगळला आहे, तरी विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, ते विचारून घ्यावेत. समितीची परवानगी लागत नाही म्हणून जबाबदारी संपत नाही, ती उलट सगळी मुलाखतकारावर येते.

आजोबांची भीती अनाठायी नाही. गल्ला-गीची कुटुंबांतील पुष्कळ जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या सर्व वारसांत सामाईक राहिली आहे. अशा जमिनीतला एका दूरच्या वारसाचा लहानसा हिस्सा एखादा विकासक विकत घेई, वाटपाचा दावा लावी आणि न्यायालयाच्या हुकमाने सगळीच जमीन लिलावात जाई. जॉर्जियाने २०१२ साली आणि दक्षिण कॅरोलिनाने २०१६ साली केलेल्या कायद्यांनी आता आधी मूल्यांकन होते आणि उरलेल्या वारसांना तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. पण वारस कोण, हा प्रश्न उरतोच आणि तेथे अशी मुलाखत आजोबांच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरली जाऊ शकते. हॅरिस नेकचेच पाहा. १९४२ साली लष्करी विमानतळासाठी केंद्र सरकारने तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन घेतली, पुढे ती वन्यपक्षी-अभयारण्य झाली आणि ज्यांना ती परत हवी आहे त्यांच्या बाजूला वडीलधाऱ्यांच्या आठवणींचे मोल मोठे आहे. म्हणजे तोच मजकूर एका घराला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरतो.

तेव्हा आजोबांकडे पुन्हा जावे, तो भाग त्यांना ऐकवावा आणि विचारावे. तो काढून टाकणे, त्यांच्या हयातीपर्यंत किंवा ठरावीक वर्षांपर्यंत बंद ठेवणे, किंवा तसाच खुला ठेवणे, यांपैकी निर्णय त्यांचा. ‘हे कोणालाही कळणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. बॉस्टनमधील एका महाविद्यालयाने उत्तर आयर्लंडच्या संघर्षातील माणसांच्या मुलाखती मृत्यूपर्यंत गुप्त ठेवण्याच्या हमीवर घेतल्या होत्या. २०११ साली त्यांच्यासाठी न्यायालयीन समन्स निघाले आणि काही ध्वनिमुद्रणे पोलिसांना द्यावी लागली. ज्या वाक्याने आजोबा खटल्यात सापडू शकतात, ते बंद कपाटात ठेवण्यापेक्षा मुळात न ठेवणे त्यांच्या हिताचे आहे, असा सल्ला मी देईन. त्यांना वकील हवा असेल तर चार्ल्स्टनमध्ये केवळ सामाईक वारसा-जमिनींच्या प्रश्नांवर काम करणारी संस्था आहे; तिच्याशी गाठ घालून द्यावी. आणि त्यांचा निर्णय काहीही होवो, संपूर्ण मुलाखतीची एक प्रत त्यांच्या घरी, त्यांच्या नातवंडांना उघडता येईल अशा स्वरूपात, विद्यापीठाला देण्याच्या आधी पोचवावी.